विश्लेषण : शिफॉनची साडी आली कुठून? बडोद्याच्या राजकन्येचा रेशमी संग्रह आणि त्यामागची गोष्ट

धाराशिव जिल्ह्यात स्कार्फ म्हटले की आधी आठवते ते ऊन. मार्च उजाडला की स्कूटीवरून जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या तोंडाला तो बांधलेला दिसतो. लग्नसराईत साडीच्या दुकानात गेले की दुसरा शब्द कानावर पडतो, तो म्हणजे शिफॉन. दुकानदार एकामागून एक साड्या उलगडतो, कापड हातातून निसटते आणि किंमत ऐकून गिऱ्हाईकही खूश होते. यातील बहुतेक शिफॉन आज पॉलिएस्टरचे असते. मूळ शिफॉन मात्र अस्सल रेशमाचे होते आणि ते फ्रान्समधून येत असे. साडीच्या मापात ते विणून घेण्याचे श्रेय एका मराठी राजघराण्यातील मुलीला दिले जाते. ती बडोद्याची इंदिराराजे गायकवाड, म्हणजेच पुढे कूचबिहारच्या महाराणी झालेल्या इंदिरादेवी. आज परदेशी डिझायनरचे रेशमी स्कार्फ हौसेने जमवणारे अनेक जण आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी एका तरुण विधवेने रेशमाचा असा संग्रह का उभा केला आणि त्याचे पुढे काय झाले, हे जाणून घेऊ या.

इंदिरादेवी कोण होत्या?

इंदिराराजे यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ रोजी बडोद्यात झाला. महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) आणि महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांची ही एकुलती एक मुलगी. सयाजीराव मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. शेतकरी घरातला हा मुलगा १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये, वस्तुसंग्रहालय यांमुळे त्यांचे संस्थान देशभर ओळखले जाऊ लागले. चिमणाबाईंनी पडदा सोडला, स्त्रियांच्या प्रश्नांवर पुस्तक लिहिले आणि १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले.

अशा घरात इंदिराराजे वाढल्या. राजघराण्यातील मुलींनी शिकणे दुर्मीळ होते त्या काळात त्यांनी शाळा-कॉलेजचे शिक्षण घेतले. आई-वडिलांबरोबर युरोपचे दौरेही लहानपणापासून होत. मात्र घरची शिस्त मराठा दरबाराची होती. चिमणाबाई काष्टा घातलेली नऊवारी नेसत. घरात मोठ्यांचा शब्द अखेरचा असे आणि मुलीचे लग्न कुठे करायचे हे वडीलच ठरवत.

ठरलेले लग्न का मोडले?

इंदिराराजेंचे लग्न ग्वाल्हेरचे महाराजा माधवराव शिंदे यांच्याशी ठरले होते. गायकवाड आणि शिंदे ही मराठेशाहीतली दोन मोठी घराणी, त्यामुळे ही सोयरीक राजकीयदृष्ट्याही महत्त्वाची होती. मात्र माधवराव इंदिराराजेंपेक्षा बरेच मोठे होते आणि त्यांचे आधी एक लग्न झालेले होते. ग्वाल्हेरला गेल्यावर पडद्यात राहावे लागणार, हेही उघड होते.

डिसेंबर १९११ मध्ये पंचम जॉर्ज यांच्या राज्यारोहणानिमित्त दिल्ली दरबार भरला. सयाजीराव राजासमोर पुरेसे झुकले नाहीत आणि पाठ फिरवून निघून गेले, यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, तो हाच दरबार. त्याच मुक्कामात इंदिराराजे यांची ओळख कूचबिहारचे राजपुत्र जितेंद्र नारायण यांच्याशी वाढली. बडोद्याला परतल्यावर १९ वर्षांच्या या मुलीने आई-वडिलांना न सांगता थेट माधवरावांना पत्र पाठवून लग्नाला नकार कळवला. घरच्यांना ते कळले, ग्वाल्हेरहून त्याविषयी विचारणा करणारी तार आली तेव्हा.

बडोद्यात हल्लकल्लोळ उडाला. कूचबिहार हे बंगालच्या उत्तरेकडचे छोटे संस्थान. जितेंद्र हे धाकटे पुत्र, म्हणजे गादीही त्यांची नाही. जात वेगळी, प्रांत वेगळा आणि जितेंद्र यांची आई सुनीतीदेवी या ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांच्या कन्या. गायकवाडांना हे स्थळ पसंत नव्हते. पुढची दीड-दोन वर्षे या तरुण जोडप्याला भेटू न देण्याचे सगळे प्रयत्न झाले. अखेर १९१३ मध्ये लंडनमध्ये लग्न लागले, पण वधूचे आई-वडील त्याला हजर नव्हते.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबर १९१३ मध्ये, जितेंद्र यांचे थोरले बंधू महाराजा राजेंद्र नारायण यांचे निधन झाले. जितेंद्र गादीवर आले आणि इंदिराराजे महाराणी इंदिरादेवी झाल्या.

पांढरा रंग संग्रहाची सुरुवात कसा ठरला?

पुढच्या सात वर्षांत त्यांना पाच मुले झाली : इला, जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री आणि मेनका. यांतील गायत्री म्हणजेच पुढे जयपूरच्या महाराणी झालेल्या गायत्रीदेवी. २० डिसेंबर १९२२ रोजी लंडनमध्ये जितेंद्र नारायण यांचे निधन झाले. इंदिरादेवी तेव्हा ३० वर्षांच्या होत्या. थोरला मुलगा सात वर्षांचा. तो सज्ञान होईपर्यंत कूचबिहारचा कारभार पाहण्यासाठी त्यांची रीजंट म्हणून नेमणूक झाली आणि १९३६ पर्यंत ही जबाबदारी त्यांच्याकडे राहिली.

वैधव्याबरोबर आला पांढरा रंग. महाराष्ट्रात काही समाजांत विधवेच्या वाट्याला लाल आलवण येई, तर बंगालमध्ये बिनकाठाची पांढरी साडी. राजघराण्यातही ही रीत सुटत नसे. वडिलांच्या मृत्यूनंतर भारतात परतणाऱ्या बोटीवर आई पूर्ण पांढऱ्या कपड्यांत होती, ही गायत्रीदेवींच्या बालपणीच्या ठळक आठवणींपैकी एक आहे.

इंदिरादेवींनी पांढरा रंग उघडपणे नाकारला नाही. ज्या दरबाराच्या त्या प्रमुख होत्या, तिथे ते परवडणारेही नव्हते. नियम रंगाचा होता, कापड कोणते असावे हे कुणी सांगितलेले नव्हते. त्यांनी जाडजूड पांढऱ्या साडीऐवजी पॅरिसमध्ये मिळणारे पांढरे रेशमी शिफॉन निवडले. वस्त्रांच्या इतिहासाचे अभ्यासक भारतातील शिफॉन साडीची सुरुवात इथून सांगतात. दागिना नको, तर मोत्यांची माळ. काठ नको, तर बिनकाठाचेच, पण असे की अंगावर वाऱ्यासारखे पडावे. नियमाचा शब्द पाळला गेला आणि शिक्षा मात्र शिक्षा राहिली नाही.

शिफॉन म्हणजे नेमके काय?

शिफॉन हे धाग्याचे नव्हे, विणीचे नाव आहे. रेशमाच्या अतिशय बारीक धाग्याला आधी भरपूर पीळ दिला जातो. मग एक धागा उजव्या पिळाचा आणि त्याशेजारी दुसरा डाव्या पिळाचा, असे ताण्यात आणि बाण्यातही आलटून पालटून लावतात. विणून झाल्यावर कापड उकळून रेशमावरचा नैसर्गिक डिंक काढला की दोन्ही पीळ विरुद्ध दिशांना ओढू लागतात. त्यामुळे कापडाला बारीक सुरकुतीसारखा पोत, थोडी लवचीकता आणि ती ओळखीची झुळझुळ येते. धाग्यांमध्ये जागा राहत असल्याने ते पारदर्शक दिसते. जॉर्जेट याच कुळातले, पण जास्त जाड. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका फ्रेंच शिवणकारिणीच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले.

वजनाचा ढोबळ हिशेब केला तर फरक लगेच लक्षात येतो. साडेपाच मीटरची हलक्या रेशमी शिफॉनची साडी साधारण दीडशे ते दोनशे ग्रॅम भरते. पैठणी तिच्या कितीतरी पट जड असते. तरीही या हलक्या साडीसाठीसुद्धा सुमारे हजारभर कोष लागतात. एक किलो कच्च्या रेशमाला सात-आठ किलो ओले कोष लागतात आणि उकळताना रेशमाचे जवळपास पाव वजन डिंकापोटी निघून जाते.

४५ इंचांचा पन्हा इतका महत्त्वाचा का?

पॅरिसच्या पेढ्यांमध्ये मिळणारे शिफॉन झग्यांसाठी विणलेले असे. झगा कापून शिवायचा, त्यामुळे पन्हा कमी असला तरी जोड देता येतो. साडीचे तसे नाही. कमरेपासून पावलापर्यंत एकसंध कापड हवे, त्यातून निऱ्या पडायला हव्यात. त्यासाठी साधारण ४५ इंच, म्हणजे ११४ सेंटिमीटर पन्हा लागतो. मध्ये शिवण आली तर शिफॉनसारख्या पारदर्शक कापडात ती लगेच दिसते आणि साडीची पडणही बिघडते.

इंदिरादेवींनी फ्रेंच विणकरांकडून साडीच्या पन्ह्याचे शिफॉन खास विणून घेतले. ऐकायला ही साधी मागणी वाटते. पण मागावरचा पन्हा बदलायचा म्हणजे शेकडो उभे धागे नव्याने भरायचे, फणी बदलायची, ताणा पुन्हा लावायचा. एका साडीसाठी कुणीही हे करणार नाही. एकदा ताणा लावला की अख्खा तागा विणावा लागतो. म्हणजेच अशी साडी हवी असेल तर एक नव्हे, अनेक घ्याव्या लागतात. आज परदेशी ब्रँडचे स्कार्फ जमवणारी व्यक्ती कारखान्याने ठरवलेल्या मापात, ठरवलेल्या नक्षीतून निवड करते. एर्मेस या फ्रेंच पेढीने १९३७ मध्ये पहिला रेशमी चौकोनी रुमाल आणला. पुढे ९० सेंटिमीटरचा चौकोन ही जगभर अशा स्कार्फची ओळख बनली. इंदिरादेवींनी त्याच्या आधीच उलटा मार्ग घेतला होता. त्या कारखान्याच्या मापात बसल्या नाहीत, तर त्यांनी आपल्या सहा वारी पोशाखाचे माप कारखान्याला दिले.

संग्रहात आणखी काय होते?

त्यांची दुसरी प्रसिद्ध हौस म्हणजे पादत्राणे. इटलीतील फ्लॉरेन्सचे कारागीर साल्वातोरे फेरागामो यांच्याकडून त्यांनी शंभराहून अधिक जोड बनवून घेतले. एका जोडासाठी हिरवे मखमल आणि टाचेभोवती मोत्यांची वळणे, दुसऱ्यासाठी काळे मखमल आणि हिऱ्यांची बकल. विशेष म्हणजे हे मोती आणि हिरे त्यांनी स्वतःच्या दागिन्यांतून कारागिराकडे पाठवले होते. म्हणजे इथेही त्या केवळ गिऱ्हाईक नव्हत्या. काय करायचे याचा विचार त्यांचा, हात कारागिराचा.

त्याच काळात आणखी एक मराठी संस्थानिक जोडपे युरोपातील नव्या कलेचा संग्रह करत होते. इंदूरचे यशवंतराव होळकर आणि महाराणी संयोगिताबाई यांनी जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा सजवून घेतला. फरक एवढाच की होळकरांचा संग्रह भिंतींत आणि फर्निचरमध्ये होता, तर इंदिरादेवींचा अंगावर.

या हौसेवर आक्षेप कोणते?

आक्षेप होते आणि ते गंभीर होते. पहिला पैशांचा. संस्थानिकांचा खर्च शेवटी रयतेच्या शेतसाऱ्यातूनच भागत असे. इंदिरादेवी वर्षातले अनेक महिने युरोपात असत, मेजवान्या आणि जुगाराच्या टेबलांवर दिसत. राज्य चालवणारी रीजंट इतका काळ बाहेर कशी राहते, याची चिंता ब्रिटिश अधिकाऱ्यांनाही होती.

दुसरा आक्षेप काळाचा. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळला महात्मा गांधींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची मोठी होळी झाली होती. सामान्य घरांतील स्त्रिया पेटीतल्या विलायती साड्या काढून देत होत्या. त्यानंतर दोन वर्षांच्या आत एक महाराणी फ्रान्समध्ये रेशीम विणून घेण्याच्या वाटेवर होती. बडोदा, पैठण, येवला, बनारस इथले माग आपल्याच देशात असताना पैसा बाहेर जात होता. त्यामुळे इंदिरादेवींच्या वाट्याला आलेले स्वातंत्र्य हे श्रीमंतीमुळे मिळालेले स्वातंत्र्य होते, हे नाकारता येत नाही. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या धाराशिवमधील एखाद्या तरुण विधवेपुढे कापड निवडण्याचा प्रश्नच नव्हता. मिळेल ते लुगडे हाच तिचा पोशाख होता.

तरीही एक गोष्ट उरते. विधवा स्त्रीने नीटनेटके, देखणे दिसणे हाच गुन्हा मानला जात होता. त्या काळात सर्वांसमोर, सत्तेच्या खुर्चीत बसून, पांढऱ्या रंगातच देखणे दिसणारी ही स्त्री होती. महाराष्ट्रातील अनेक ग्रामपंचायती विधवा प्रथा बंद करण्याचे ठराव करू लागल्या त्या २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ठरावानंतर. म्हणजे हा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

संग्रहाचे पुढे काय झाले?

इंदिरादेवींच्या आयुष्याचा उत्तरार्ध दुःखाचा होता. थोरली मुलगी इला आणि मुलगा इंद्रजितेंद्र यांचा मृत्यू त्यांना पाहावा लागला. १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले आणि पुढच्या वर्षी पश्चिम बंगालचा जिल्हा बनले. ज्या मुलीने स्वतःचे लग्न स्वतः ठरवले होते, तिलाच पुढे आईच्या भूमिकेत उभे राहावे लागले. जयपूरचे महाराजा मानसिंह यांची तिसरी पत्नी होण्याचा गायत्रीदेवींचा निर्णय त्यांना सहज पटला नव्हता. त्यांनी मुलीला थांबायला सांगितले, पण १९४० मध्ये लग्न झालेच. ६ सप्टेंबर १९६८ रोजी मुंबईत इंदिरादेवींचे निधन झाले.

रेशमी शिफॉन हे फार टिकाऊ कापड नाही. घामाने, उजेडाने, घडीवर ते विरते. सोन्याच्या नाण्यांसारखे ते पिढ्यान् पिढ्या ठेवता येत नाही. पण या संग्रहातली खरी वस्तू कापड नव्हतीच, ते माप आणि ती कल्पना होती. गायत्रीदेवींनी फिकट रंगाची शिफॉन आणि मोत्यांची माळ हीच आपली ओळख बनवली. १९६२ मध्ये लोकसभेवर निवडून आल्यावरही ती तशीच राहिली. इतर राजघराणी, मग शहरांतला श्रीमंत वर्ग आणि मग हिंदी चित्रपट, अशा वाटेने शिफॉन खाली झिरपत गेले. १९५८ च्या सुमारास पॉलिएस्टरचे शिफॉन आले, पुढे सुरतच्या यंत्रमागांनी ते स्वस्त केले आणि महाराणीचे कापड उमरगा-परांड्याच्या बाजारात पोहोचले.

घरात रेशीम जमवायचे तर काय पाहावे?

साडी असो, दुपट्टा असो की स्कार्फ, काही गोष्टी सारख्याच लागू पडतात. कडेचा एखादा सुटा धागा काढून जाळून पाहा. अस्सल रेशीम केस जळल्यासारखा वास देते आणि राख बोटांनी चुरडली जाते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी तयार होतो. चांगल्या रेशमी स्कार्फची कड हाताने गुंडाळून शिवलेली असते, त्यामुळे ती किंचित फुगीर दिसते. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. लोखंडी हँगरवर टांगू नका, दर तीन-चार महिन्यांनी घडी बदला, डांबराच्या गोळ्या कापडाला चिकटू देऊ नका आणि अत्तर अंगावरच्या रेशमावर थेट मारू नका.

आणखी एक गोष्ट जिल्ह्यातल्या वाचकांना जवळची आहे. सोयाबीनला पर्याय म्हणून तुती लावून रेशीम कोष घेणारे शेतकरी आता धाराशिव जिल्ह्यात आहेत. मराठवाड्यातले कोष जालन्याच्या बाजारात आणि कर्नाटकातल्या रामनगरला विकले जातात. तिथून निघणारा धागा दक्षिणेतल्या मागांवर जातो आणि त्यातून क्रेप, जॉर्जेट, शिफॉन विणले जाते. शंभर वर्षांपूर्वी पॅरिसहून मागवावे लागणारे कापड आज आपल्या शिवारातल्या कोषापासून बनू शकते. त्यामुळे पुढच्या वेळी दुकानात शिफॉन हातात घेताना ते रेशमाचे की पॉलिएस्टरचे, एवढे जरूर विचारा. आणि घरातली कुणी बाई नवरा गेल्यावर रंगीत साडी नेसायला बिचकत असेल, तर पसंतीचा रंग कोणता, हेही तिला विचारा. इंदिरादेवींना रंग निवडता आला नव्हता, त्यांना फक्त कापड निवडता आले.